पाटीखालचा उमर

मा. हॉल्डेनसाहेब, दफनभूमी विभाग, नगरपालिका,

अभिनंदन! दफनभूमीतल्या आमच्या भागावर तिसरी पाटी लावलीत. तुमच्या आजोबांच्या काळी तिथे 'चायनामन' होतं, मग 'ओरिएंटल', आता 'आशियाई'. दर वेळी रिबीन, केक आणि फोटोत हसायला मी. वर विचारता, "मेव्हिसबाई, आता तरी खूश ना?"

चिंगमिंगला, म्हणजे कबरी झाडायच्या आम्हा चिनी लोकांच्या दिवशी, मी आजोबांपुढे भाजलेलं डुकराचं मांस ठेवते. शेजारच्या निनावी कबरीला कुणी नाही. तुमची पाटी सगळ्यांना एकच म्हणते, म्हणून आपलाच समजून चाळीस वर्षं तिलाही ठेवलं. परवा डार्विनहून एक बाई आली. ती कबर तिच्या पणजोबांची. मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारणारा मलाय, मुसलमान माणूस. ताटली बघून ती बादली आणून कबर धुऊ लागली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

हे पत्र मी टाकणार नाही. तुम्ही लगेच समिती नेमाल आणि चौथा शब्द शोधाल. शब्द घाला चुलीत. त्याचं नाव उमर. तुमच्याच दफनवहीत पहिल्या दिवसापासून लिहिलेलं आहे. ती तुम्ही कधी उघडली नाहीत.

आजपर्यंत मीही नाही.

मेव्हिस ली लाँग