सिंदफणेच्या टपावरचं पाणी

मी, गहिनीनाथ रामभाऊ जायभाये, वय ६९, पूर्वीचा धंदा बोअर मारणे व नंतर बोट चालवणे, हल्लीचा धंदा खाटेवर पडून घरच्यांना सूचना देणे, राहणार पाटोदा, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने करीत आहे. डोके शाबूत आहे. फुप्फुसे नाहीत, डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली आहे. माझ्यावर कोणी दाब आणलेला नाही. तसा माणूस पाटोद्यात अजून जन्मायचा आहे. याआधीची माझी दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत मी एक गोष्ट लपवली होती.

कलम १. राहते घर पत्नी रतनबाई हिच्या हयातीपर्यंत तिचे, त्यानंतर मुलगा प्रविण याचे. प्रविणने आईला पुण्याच्या फ्लॅटवर राहायला नेऊ नये. तिला लिफ्टची भीती वाटते आणि ती हे कधीच कबूल करणार नाही.

कलम २. पाने, जॅक, वेल्डिंगचे सामान, सगळी हत्यारे प्रविणची. मोठा चेनब्लॉक आष्टीच्या बबनरावांकडे आहे. दोन दिवसांसाठी म्हणून नेला, त्याला नऊ वर्षे झाली. मागायला जाऊ नये. मात्र माझ्या तेराव्याला ते जेवायला बसले की कोणीतरी सहज विषय काढावा.

कलम ३. 'सिंदफणा' ही बोट. पाटोद्याच्या माणसाची बोट म्हटल्यावर वाचणारे हसतील, म्हणून खुलासा करतो. बोअरच्या गाडीवर काम करता करता इंजिनावर माझा हात बसला. एका ट्रॉलरचे इंजिन दुरुस्त करायला म्हणून पहिल्यांदा हर्णैला गेलो. तीनशे फूट खाली जाऊन नुसती धूळ काढणारा माणूस मी. एवढे पाणी एका जागी पाहून मला रडूच आले. पुढे तोच जुना ट्रॉलर विकत घेतला. जाळे ओढायचे यंत्र काढून टाकले, दोन खोल्या, सहा बिछाने आणि स्वयंपाकाचा ओटा केला. नाव आमच्या नदीचे दिले. ती वर्षातले आठ महिने कोरडी असते. म्हटले, नावापुरती तरी पाण्यात राहील. ऑक्टोबर ते मे आम्ही हर्णैपासून मालवणपर्यंत फिरायचो. धाकटा भाऊ हनुमान कायम बरोबर असे.

ही बोट मी हनुमानची पत्नी बबिता हिला देतो. सध्या बोट हर्णैला किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवली आहे. बबिताने ती विकावी, नाहीतर फोडून चुलीत घालावी. प्रविणने हरकत घेऊ नये. कारण पुढच्या कलमात आहे.

कलम ४. (हे कलम सांगत असताना, लिहून घेणाऱ्या सानप गुरुजींनी दोनदा पेन खाली ठेवले. मी म्हटले, लिहा.)

२०१४ च्या मे महिन्याच्या शेवटी आम्ही विजयदुर्गहून परत निघालो. टपावर दोनशे लिटरचे चार निळे ड्रम पिण्याच्या पाण्याने भरून बांधले होते. गरजेच्या तिप्पट. सुकाणू धरणारा आमचा तांडेल म्हणाला होता, "शेठ, वजन तळाला बरं. डोक्यावर नको." मी हसलो. आमच्याकडे पाण्याची टाकी छतावरच असते. वरून नळाला आपोआप उतरते. आणि पाणी कमी पडेल ही भीती तर आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यालेलो.

दुपारी वारा फिरला आणि लाटा आडव्या येऊ लागल्या. बोट एका अंगावर कलली की उभी राहायला फार वेळ घेई. तांडेल सुकाणूवरून ओरडला, वरचे पाणी सोडा. हनुमान टपावर चढला. झाकणाला हात घालून त्याने विचारले, "दादा, पानी सोडू का?"

मी म्हणालो, "थांब."

का म्हणालो, ते अकरा वर्षे शोधतो आहे. लहानपणी आमच्या हातून एक कळशी सांडली होती. आईने दोघांना बडवले आणि मग स्वतःच रडत बसली. भरलेले पाणी ओतून दे, हे माझ्या तोंडून निघेना. हनुमानने माझा शब्द कधी मोडला नव्हता. तो थांबला. पुढच्या लाटेने तीन ड्रम नेले आणि त्यालाही नेले. ओझे जाताच बोट सरळ झाली. आम्ही अंधार पडेपर्यंत तिथेच फेऱ्या मारल्या. तो सापडला नाही.

गावी येऊन मी सांगितले की मी नको नको म्हणत असताना तो वर चढला. लोकांनी त्यात दारूही घातली. मी मान खाली घातली, ती लोकांना दुःखाची वाटली. "नवरा हट्टी व्हता, लेकराचाबी इचार केला न्हाई," हे बबिताने अकरा वर्षे ऐकले. मुलगी वैष्णवी हेच ऐकत मोठी झाली. तर लिहा: हनुमान दारू पीत नव्हता. तो हट्टी नव्हता. हट्टी असता तर आज जिवंत असता.

कलम ५. वाचलेला चौथा ड्रम आमच्या अंगणात आहे. रतनबाई त्यात ज्वारी भरते. तिला काही माहीत नाही. ज्वारी काढून घ्यावी आणि ड्रम फोडून टाकावा.

कलम ६. हनुमानच्या तोंडात शेवटचे गोडे पाणी कोणी घातले नाही. माझ्या तोंडात ते बबिताने घालावे, अशी माझी इच्छा आहे. हक्क नाही. तिने नकार दिला तर मला कोरडाच जाऊ द्यावे, आणि तिला कोणी एक शब्द बोलू नये. म्हणून हे मृत्युपत्र मी मरायची वाट न पाहता आजच तिला व वैष्णवीला वाचून दाखवावे.

ठिकाण: पाटोदा. दिनांक: १४ ऑगस्ट २०२५.

(सही) गहिनीनाथ रामभाऊ जायभाये

साक्षीदार, आमच्यासमोर सही केली:
१. (सही) परमेश्वर सानप, निवृत्त शिक्षक, लेखनिकही मीच
२. (सही) सुरेखा ढाकणे, परिचारिका

लेखनिकाची नोंद, त्याच दिवशी: कलम ६ प्रमाणे बबिताबाई व वैष्णवी यांना बोलावून सर्व मजकूर वाचून दाखवला. बबिताबाईंनी "हट्टी असता तर" हे वाक्य पुन्हा वाचायला लावले. बोटीविषयी काही विचारले नाही.  मग उठून रांजणातून तांब्या भरून आणला, गहिनीनाथरावांच्या उशाशी ठेवला आणि म्हणाल्या, "दादा, पानी मी पाजीन. तान्हेल्याला न्हाई म्हनायची आपली रीत न्हाई. पन तिकडं गेलात की पयलं त्यांला सांगा, आता चल म्हनावं. तुमी सांगितल्याबिगर ते हलायचे न्हाईत."

(सही) परमेश्वर सानप