डबल बेल द्यायची राहिली

अहो मास्तर,

'प्रिय' लिहायला घेतलं होतं, पण माझं मलाच हसू आलं. एवढ्या वर्षांच्या संसारात कधी तुम्हाला प्रिय म्हटलं नाही, आता काय म्हणू! एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणतात, तसे लोक तुम्हालाही म्हणायचे, चिडवायला म्हणून मीही म्हणायला लागले आणि तेच तोंडात बसलं. तर मास्तरच बरं.

पोरं आज सकाळच्या गाडीनं सांगलीला गेली. दिवाळीची सुट्टी संपली. घर इतकं गप्प झालंय की भांडं ठेवलं तरी दचकायला होतं. कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवेना म्हणून कागद घेऊन बसले. आणि तुम्हाला एक गोष्ट सांगायचीच आहे. हाफ्याची.

आठवतं का, कसं आणलं होतंत ते कुत्रं? शेवटची ड्युटी करून साताऱ्याहून आलात. मला वाटलं, निरोपाचा हार-नारळ घेऊन याल. हार-नारळ होताच, पण खाकी शर्टाच्या आतून एक ओलं पिल्लूही बाहेर काढलंत. "हाफ तिकीट हाय, शालन. जागा लागत न्हाई, मांडीवर बसतंय." मी म्हटलं, "आवं, घरात माणसांचं करून जीव जातोय माझा, आन् ह्ये कशाला?" दुसऱ्या दिवशी मीच त्याला बशीतून दूध पाजत होते. तुम्ही पेपराआडून बघत होतात, मला दिसत होतं सगळं.

आपल्या संजयची तनू आणि ओम सुट्टीला आले की अंगणात खेळ सुरू व्हायचा आणि हाफ्या त्यात घुसायचा. पोरं म्हणायची, तो कच्चा लिंबू. तुम्ही म्हणायचात, हाफ तिकीट. म्हणजे तेच. खेळायचं सगळ्यांबरोबर, पण आउट व्हायचं नाही.

एका दिवाळीत ओमनं चेंडू मारला तो थेट फाटकाबाहेर. हाफ्या त्याच्यामागे. समोरून उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या. ड्रायव्हरनं कसा थांबवला देव जाणे. कुत्रं वाचलं, पण तुम्ही त्याला मांडीवर घेऊन ओट्यावर बसलात ते दिवेलागणीलाच उठलात.

त्याच संध्याकाळी तुम्ही ट्रंकेतून तिकिटाला भोक पाडायचा तो जुना चिमटा काढलात. तिकिटाची यंत्रं आल्यापासून पडून होता. पोरांना ओळीत बसवलंत आणि भाषण सुरू! "एकदा टक् वाजलं की सिंगल, गाडीच्या बेलवानी. समद्यांनी हाय तिथं थांबायचं, हाफ्यानं बी. दोनदा वाजलं की डबल. मग पळा."

"आवं, कुत्र्याला काय कळतंय सिंगल-डबल?"

"आमच्या ड्रायव्हरला कळत हुतं, मग ह्येला का न्हाई कळायचं?"

आणि कळलं की हो त्याला! भाकरीचा तुकडा देऊन देऊन शिकवलंत. पळता पळता टक् वाजलं की जागच्या जागी बसायचा, आणि दोनदा वाजेपर्यंत शेपूटसुद्धा हलवायचा नाही. शेजारीपाजारी बघायला यायचे. तुमची छाती अशी फुगायची, जणू एसटीच वेळेत पोचवलीय.

मग तुमच्या नियमांना ऊतच आला. खेळ सुरू करायच्या आधी फाटकाला कडी. चेंडू मोठा घ्यायचा, त्याच्या घशात जाईल असला बारका रबरी नको. तोंडातून ओढून काढायचा नाही, त्यानं ठेवला की उचलायचा. विटी-दांडूला त्याला आत बांधायचं. उन्हात खेळ बंद, पाण्याचं घमेलं सावलीत. जीभ लोंबली की सिंगल. फटाके लावायच्या वेळी त्याला माजघरात घेऊन तुम्ही स्वतः बसायचात, रेडिओ मोठ्यानं लावून. रंगपंचमीला त्याला रंग लावायचा नाही, लावायचंच असलं तर घरच्या हळदीचं पाणी, तेही डोळे सोडून. पिवळंधमक होऊन फिरायचं बेणं! आणि लाडवातला बेदाणा द्यायचा नाही म्हणजे नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितल्यापासून तुम्ही त्याच्यासाठी वेगळे, बिनबेदाण्याचे लाडू वळायला लावायचात. मी चिडायचे. "माझ्या बाळंतपणात केली न्हाई एवढी काळजी!" तुम्ही हसायचात.

आता तो लाडू वळताना कुणावर चिडू?

तो दिवस लिहायचा नव्हता, पण त्याच्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. पाऊस उघडला होता. सकाळीच छातीत कळ आली म्हणालात. संजय आदल्या रात्री आलेलाच होता, त्यानं शेजाऱ्यांची गाडी मागून आणली, मिरजेच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. मी पदर खोचून चपला घालत होते, तर तुम्ही म्हणालात, "तू कशाला येतीस? थांब घरी. सांजच्याला आलोच."

आयुष्यभर मी तुमचं एक ऐकलं नाही. आणि नेमकं त्या दिवशी ऐकलं! का ऐकलं हो मी?

गाडी निघाली तसा हाफ्या मागे धावला. रस्त्यावर येईल म्हणून तुम्ही काच खाली केलीत, खिशातून चिमटा काढलात आणि एकदा वाजवलात. टक्. तो फाटकाच्या खांबापाशी बसला. मी दारात उभी. गाडी वळणावरून गेली.

संध्याकाळी तुम्हाला आणलं. पण तुम्ही आला नव्हतात.

त्या दिवसापासून हाफ्यानं खांबापाशी मुक्काम केला. खायला यायचा, दोन घास खाऊन परत तिथंच. पाऊस आला तरी तिथंच. लोक म्हणायचे, "जनावराला लय माया असती." मलाही तेच वाटायचं. माझं काय वेगळं चाललं होतं? फाटकाच्या पुढे मी पाऊल टाकलं नव्हतं. किराणासुद्धा शेजारच्या सुनेकडून मागवायचे.

दिवाळी आली. या वर्षी सण नाही, कंदील नाही, चूल फराळाला पेटवली नाही. शेजाऱ्यांनी आणून दिलं तेवढंच पोरांच्या ताटात. पोरं शहाणी हो, काही मागितलं नाही. नुसती लगोरी मांडायची आणि आवाज न करता खेळायची. आवाज न करता लगोरी! बघवत नव्हतं. हाफ्याला ती हाका मारायची, तो मान वळवायचा पण उठायचा नाही. शेवटी मीच ओरडले, "नगा त्याला बोलवू! ऱ्हाऊ द्या त्याला."

संजय जेवताना म्हणाला, "आई, तो वाळत चाललाय. मी सांगलीला नेतो, डॉक्टरांना दाखवतो. तूही चल थोडे दिवस."

"मी न्हाई येत. आन् ह्यो बी न्हाई येत."

"मग दोघंही असंच बसणार का?"

मी त्याच्या ताटात भाकरी वाढली आणि आत गेले.

भाऊबीज झाली, त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. दुपार कलली होती. चेंडू सापडेना म्हणून तनू माळ्यावर चढली आणि दवाखान्यातून आलेली तुमची पिशवी तिच्या हाताला लागली. मी ती उघडलीच नव्हती. तिनं चेंडूबरोबर चिमटाही खाली आणला, खेळ परत सुरू झाला आणि ओम जिंकायला आला तशी त्याला थांबवायला तिनं नेमकं एकदा वाजवलं. टक्.

चेंडू लोळत फाटकापाशी गेला होता. त्याला बघून हाफ्या कधी नव्हे तो थोडा उठला होता. टक् ऐकलं आणि परत खाली बसला. घट्ट, जमिनीला पोट लावून.

"आजी, बघ! हा अजून अण्णाआजोबांचं ऐकतोय!" तनू आनंदानं ओरडली.

मी तांदूळ निवडत होते. ताट मांडीवरून सरकलं, तांदूळ ओट्यावर सांडले. मास्तर, तो रुसला नव्हता. आजारी नव्हता. तुम्ही त्याला थांब म्हणून गेला होतात आणि दोनदा वाजवायला परत आलाच नाहीत!

शिकलेली माणसं म्हणतील, कुत्र्याला एवढं कळत नसतं. म्हणू देत.

"ओम, फाटकाला कडी घाल," मी म्हटलं आणि तनूच्या हातून चिमटा घेतला. किती घट्ट आहे हो त्याची स्प्रिंग! तुम्ही बोलता बोलता वाजवायचात, मला दोन्ही हात लावावे लागले. टक्. टक्.

त्याचे कान उभे राहिले. आधी रस्त्याकडे बघितलं, बराच वेळ. मग उठला, अंग झाडलं, केवढी धूळ उडाली! मागचे पाय आखडलेले, तसाच हळूहळू माझ्यापाशी आला आणि माझ्या हातातला चिमटा हुंगत उभा राहिला. मी त्याच्या मानेत तोंड घालून रडले. तेराव्यालासुद्धा अशी रडले नव्हते. पोरं बिचारी घाबरून बघत होती.

मग त्यानं जाऊन चेंडू तोंडात धरला आणि लगोरीच्या मधोमध ठेवला. खेळ पार मोडून टाकला त्यानं, पण पोरांनी हसत परत मांडला. तनूनं घमेल्यात पाणी भरलं. त्याची जीभ लोंबली तशी तिनं सिंगल दिली, विश्रांती झाल्यावर आठवणीनं डबल दिली. त्या संध्याकाळी आपल्या अंगणात आरडाओरडा झाला. मी होऊ दिला.

पण तुमच्यावर रागही आला, सांगून टाकते. मलाही 'थांब' म्हणूनच गेलात ना? मी पण दारातच उभी आहे की तेव्हापासून! माझी डबल कोण देणार होतं?

आज पोरांना पोचवायला फाट्यापर्यंत गेले. हो, मी. फाटकाबाहेर. हाफ्याला साखळी लावून. गाडी आली, पोरं चढली, संजय खिडकीतून बघत राहिला. कंडक्टर कोवळा पोरगा होता. "आजी, येताय का?" म्हणाला. "आज न्हाई रं बाळा. संक्रांतीला येते." त्यानं दोरी ओढली. टिंग टिंग. हाफ्यानं कान टवकारले, वर माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघं घराकडे वळलो.

तर तुम्हाला शब्द देते. संक्रांतीला हाफ्याला घेऊन मी सांगलीला जाणार. मे महिन्यात पोरं इथं आली की अंपायर मी. फाटकाला कडी, सावलीत घमेलं, मोठा चेंडू, लाडू बिनबेदाण्याचे. आणि ज्याला थांब म्हणेन त्याला डबल दिल्याशिवाय मी कुठं जाणार नाही.

चिमटा समोरच आहे. तुमच्यासाठीही आत्ता दोनदा वाजवलाय. मागे वळून बघू नका, निघा. आम्ही मागच्या गाडीनं येतो, सावकाश.

तुमची,
शालन

(आणि पायाशी झोपलेलं हाफ तिकीट)