कानतुटीचा कायदा

आये,

आमच्या मीरा रोडच्या सोसायटीत मांजरं फार झाली आहेत आणि त्यातल्या बहुतेकांचा एक कान टोकाला कापलेला आहे. पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी पिशवी हातात घेऊन जिन्यापाशीच उभी राहिले. शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी म्हणाली, "काकी, घाबरू नका. ऑपरेशन झालंय त्यांचं. झालंय हे कळावं म्हणून कान कट करतात." मी मान हलवली. तिला काय सांगणार, की आमच्या गावच्या, चेण्याच्या रानात तुटक्या कानाची एकच मांजर होती आणि अख्खं रान तिच्या शब्दाबाहेर नव्हतं. इथे पार्किंगमध्ये स्कूटरच्या सीटांवर राण्याच राण्या पसरलेल्या असतात आणि कायद्याचं नाव नाही. परवा दोघी माशाच्या डोक्यावरून भांडल्या, एकीच्या नाकातून रक्त आलं. पाला आणायला कोणी गेलं नाही.

तुझी कानतुटी मला अजून स्पष्ट दिसते. खरं तर मी तिला कधी पाहिलेली नाही. तूही पाहिली नव्हतीस, हे मला फार उशिरा कळलं. चुलीवर किराइताचा काढा उकळायला लागला की घरभर तो कडू वास सुटायचा, भाऊ दाराकडे सरकायचा आणि तू त्याच्याकडे न बघता सुरुवात करायचीस. वरच्या डोंगरात सपाट खडक आहे, तिथे रानमांजरांची सभा भरते. मध्ये कानतुटी बसते. तीच वैद्यीण, तीच न्यायाधीश. तिच्याकडे कुड्याची साल आहे, अडुळसा आहे, सुजेवर निर्गुडी आहे, पण पाला कोणालाही असाच मिळत नाही. झाड मुळासकट उपटायचं नाही, उद्या आजारी पडणाऱ्याची फांदी शिल्लक ठेवायची. ज्यानं ओरखडा काढला त्यानंच दगडी पाला शोधून आणायचा, स्वतः चघळायचा आणि समोरच्याच्या जखमेवर लावायचा. आणि सगळ्यात मोठा कायदा हा, की कडू औषध पाजणाऱ्यानं आधी स्वतः प्यायचं. एवढं सांगून होईतो काढा वाटीत आलेला असायचा. तू एक घोट घ्यायचीस, डोळे मिटायचीस आणि वाटी पुढे करायचीस. "आधी माझा घोट, मंग तुझा. कायदा हाय." ताप असो नसो, आमच्यामुळे तुझ्या पोटात किती किराईत गेलं असेल, कोण जाणे.

दगडी पाल्याचा कायदा मात्र मला महागात पडायचा. भावाला बोचकारायची खोड माझीच. तो रडत तुझ्याकडे गेला की तू मला नुसती बांधाकडे बोट दाखवायचीस. मी पाला आणते आहे, तोंडात घालून चघळते आहे, तोंड तुरट झालंय आणि हा शहाणा हात पुढे करून महाराजासारखा बसलाय, असं ते दृश्य. पुढे पुढे तर नसलेला ओरखडाही तो दाखवायला लागला. त्यावर कानतुटीनं काय निकाल दिला आठवतं? खोट्या जखमेला लावलेला पाला, जखमवाल्यानंच चघळून गिळायचा. त्यानंतर त्याचे ओरखडे एकदम कमी झाले.

बाबांना हे पसंत नव्हतं. ते रत्नागिरीचे, ठाण्याच्या कारखान्यात कामाला, बसच्या गर्दीत उभं राहून वैतागून घरी येणार आणि इथे आम्ही खडकावरची सभा भरवलेली. "पोरांच्या डोक्यात मांजरं भर तू," ते म्हणायचे, "उद्या परीक्षेलाही मांजरंच बसतील." आणि तसंच झालं. नागरिकशास्त्राच्या पेपरात प्रश्न आला, कायदा मोडल्यास काय होते. मी विश्वासानं लिहिलं, पाला चघळावा लागतो. कायदा कोण करतो, याचं उत्तर काय लिहिलं असेल ते तुला सांगायला नको. बाईंनी तुला बोलावून घेतलं. तू भाताच्या लावणीतून तशीच आलीस, पायांना चिखल. बाईंनी पेपर मोठ्यानं वाचला, वर्ग खिदळला. तू शांतपणे ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "ल्हिलंय ते खरं हाय, बाई. पन तुमच्या पुस्तकातलं न्हाय." परतताना तू ओढ्यापाशी थांबलीस. पाय धुता धुता मला सुनावलंस, की घरचा कायदा घरात आणि शाळेचा शाळेत, आणि दोन्ही पाळायचे, एकाचं निमित्त करून दुसऱ्यातून सुटायचं नाही. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं. चूक तुझ्या गोष्टीची आणि बोलणी मला, असं वाटलं होतं.

मग ते वर्ष आलं. बाळ झालं आणि गेलं. तू दवाखान्यातून घरी आलीस ती भिंतीकडे तोंड करून आडवी झालीस. ताप उतरेना. बाबांनी ठाण्याच्या डॉक्टरांकडून बाटली आणली, गुलाबी औषधाची, घोटांच्या खुणांसाठी बाहेरून कातरलेली कागदाची पट्टी चिकटवलेली. तू तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. डॉक्टरांवर तुझा राग नव्हता. तुझा कशावरच राग नव्हता, हेच भीतीचं होतं. शेजारणी येऊन समजावून गेल्या. चूल मी पेटवायला लागले होते, भात रोज करपायचा आणि तू साधं रागवायचीही नाहीस. एका दुपारी मी तुझ्या उशाशी बसून विचारलं, आये, अशा वेळी कानतुटी काय करते?  तू भिंतीशीच बोलल्यासारखं म्हणालीस, "तिच्याकडला पाला सरला, बाय." मी मागच्या दारी जाऊन पोटभर रडले. तू मरणार असंच मला त्या एका वाक्यानं वाटलं.

बाबा त्या दिवशी कामावर गेले नव्हते. त्यांनी ते ऐकलं असावं. ते उठले, बाटली हलवली, पट्टीवरची एक खूण उतरेल एवढं औषध पेल्यात ओतलं आणि तुझ्यासमोर येऊन बसले. मला वाटलं आता पुन्हा विनवणी करतील. तर त्यांनी पेला स्वतःच्या तोंडाला लावला. इतका वाईट चेहरा मी त्यांचा आधी कधी पाहिला नव्हता, त्यांना ठसकाच लागला. डोळे पुसत त्यांनी अर्धा राहिलेला पेला पुढे केला आणि म्हणाले, "माझा झाला. आता तुझा. कायदा आहे म्हणतात." भाऊ दारातून ओरडला, "बाबांनी पाळला!" आणि तू वळलीस. तू हसलीस, आये. हसता हसता रडलीस, पण प्यायलीस. बाटली संपेपर्यंत त्यांनी प्रत्येक वेळी आधी घोट घेतला. डॉक्टरांना हे कधी सांगितलं नाही, नाहीतर बाबांनाच तपासलं असतं.

बरी झाल्यावर तू सभा पुन्हा भरवलीस आणि एक नवा कायदा निघाला. वैद्यीण आजारी पडली तर जो कायद्याला हसला असेल त्यानं आधी प्यायचं. बाबा भाकरी मोडत होते, मान खाली घालून ऐकत होते. त्यानंतर त्यांनी मांजरांबद्दल अक्षर काढलं नाही. तुला आणखी काही वर्षं मिळाली, आम्हाला तू मिळालीस. मी आजही असंच समजते की ती वर्षं त्या अर्ध्या पेल्यानं मिळवून दिली.

लग्न होऊन इकडे आल्यावर तुझा कायदा मी माझ्याही घरात लावला. मुलाच्या खोकल्याचं औषध आधी मी चाटायचे. माझी बाटली असली की हे आधी घोट घ्यायचे. तुला न पाहिलेला माणूस, पण कायद्याला पक्का. गेल्या वर्षी हे गेले. आता पुण्याहून मुलाचा फोन येतो, "आई, औषध घेतेस ना?" मी म्हणते, घेते की. तुला म्हणून सांगते, बाटलीचं सील मी आजपर्यंत तोडलेलं नव्हतं. हट्ट नाही गं. सील तोडायला जाते आणि बाटली परत ठेवते, आधी घोट घेणारं घरात कोणी नाही.

हे पत्र कुठे टाकणार, टेबलावरच राहील. पण लिहिता लिहिता सील तोडलंय आणि झाकणभर ओतून ठेवलंय. आधी तू घे, आये. मग मी घेते.