कच्चं भरलेली कॉइल

अप्पा, तुम्ही भरलेली कॉइल परवा मी माझ्या गिटारमधून काढली. काढायच्या आधी तुमच्या फोटोपुढं उभी राहिले नाही, परवानगी मागितली नाही. अव्वा दोन दिवस बोलत नाहीये. "अप्पाच्या हाताचं हाय ते. ऱ्हाऊ दे की आतमंदी, तुला काय खायला मागायलंय?" मी म्हणाले, माझा आवाज खायलंय. तेव्हापासून अबोला. असू दे. अकरा वर्षं आईचं म्हणून ऐकलं आणि कॉइल आत राहू दिली, आता नाही ऐकणार.

हुलसूरच्या दुकानात शाळेतून आले की मी तुमच्यासमोर बसायची. शेतातल्या पंपाची जळलेली मोटार पुढ्यात असायची, तुम्ही हँडल फिरवायचे आणि मी तांब्याच्या तारेचे वेढे मोजायची. रागावणं मराठीत आणि मोजणं कानडीत, हा आपल्या दुकानाचा कायदा. ओंदू, एरडू, मूरू... शंभर झाले की पाटीवर खडूची एक रेघ. जेवढे वेढे निघाले तेवढेच परत बसले पाहिजेत, तारही त्याच जाडीची, यात तुम्ही कुणाच्या बापाचं ऐकलं नाही. पण कधी नेमकी तार संपलेली असायची आणि समोरच्याचा ऊस वाळत असायचा. मग हाताशी असेल त्या तारेनं तुम्ही मोटार चालती करून द्यायचे, आणि कागदाच्या पट्टीवर पेन्सिलीनं 'कच्चं' लिहून ती आतल्या दोऱ्याखाली सरकवायचे. "पुढं जो कुणी उघडंल त्याला कळाय पायजे, हे काम पुरं झाल्यालं न्हाई." असं तुम्ही म्हणायचात, आणि मला तेव्हा त्याचं हसू यायचं. स्वतःच्या कामाची चुगली स्वतःच करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

बिदरला कॉलेजात असताना मी जुनी इलेक्ट्रिक गिटार घेऊन घरी आले, तेव्हा तुम्ही भस्म लावता लावता थांबलात. "कामून येवढा आवाज करायलीस गं? मोटार जळल्यावानी वाटायलंय." पण तिच्या तारांखालचे, आवाज पकडणारे दोन पिकअप आणि हवा तो निवडायचं बटण दाखवलं तेव्हा तुमचे डोळे चमकले, हे मी विसरलेले नाही. चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तार. "ही तर आपलीच कॉइल की!" म्हणालात. पुढं त्यातला, तारा टेकतात त्या ब्रिजजवळचा, तीक्ष्ण आवाजाचा पिकअप मुका झाला. आतली केसाहून बारीक तार तुटली होती. तुम्ही तो नेलात आणि दुसऱ्या दिवशी भरून आणलात, पंख्याच्या तारेनं. दुकानात बारीकात बारीक तीच होती. मी जोडून वाजवलं. आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा. "वाजायलंय का?" तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, "व्हय अप्पा, वाजायलंय." त्यावर तुम्ही म्हणालात, "मग झालं. पोरीला आवाज बेताचाच बरा."

हे वाक्य मी इतकी वर्षं वागवलं. कलबुर्गीच्या आमच्या बँडमध्ये मी एकटी बाई. एकटीनं वाजवायची वेळ आली की त्याच ब्रिजजवळच्या पिकअपवर जावं लागतं, आणि ड्रम आणि कीबोर्डखाली माझं वाजवणं गडप होतं, आणि ऐकणारे समजतात की बाईच्या बोटांत जोर नाही. बोटांत जोर आहे, अप्पा, कॉइलमध्ये नाही. म्हणून महिनाभर पिकअप शोधत बसले. एक जुन्या धाटणीचा होता, गोड, एक मधला. फोनवरचा दुकानदार म्हणाला, "मॅडम, लेडीजला सॉफ्टवालाच बरा पडतो." त्याच क्षणी माझं ठरलं. सगळ्यात कडक आवाजाचा मागवला. शेजारी शेजारी दोन कॉइली असलेला, त्यामुळं गुणगुण नाही आणि दणका दुप्पट. तो जुन्या खाचेत बसेना. मग मी पटाशी घेतली आणि गिटारचं लाकूड कोरलं. जागा नसेल तर करायची. तुमच्याच पाटावर बसून केली.

जुनी कॉइल काढल्यावर मला एक पुरावा हवा होता. तुम्ही मला किती वेढे दिले होते ते मोजायचं आणि सिद्ध करायचं की तुम्ही मुद्दाम कमी भरले, आवाज बेताचा राहावा म्हणून. वरची चिकटपट्टी सोडवली. दोऱ्याखाली कागदाची पट्टी होती. पेन्सिल फिकी पडली होती, पण अक्षर तुमचंच. 'कच्चं.'

वेढे मोजलेच नाहीत मग. तोंडानं तुम्ही काहीही बोललात, पण पेन्सिलीनं कधी खोटं लिहिलं नाहीत. बारीक तार मिळाली असती तर तुम्ही पुरे वेढे बसवून कॉइल परत भरली असती. मी फक्त 'नाही वाजायलंय' एवढं म्हणायला हवं होतं. 'पोरीला आवाज बेताचाच बरा' हे मी तरीही माफ केलेलं नाही. नवा पिकअप बसला आहे आणि तो निघणार नाही. आत्ता लिहिता लिहिता उठून वाजवला तर समोरच्या घरातली म्हातारी बाहेर आली. अव्वा आतून ओरडली, "कान गेले की माझे!" दोन दिवसांतलं तिचं पहिलं बोलणं.

हे पत्र टपालात पडणार नाही, अव्वालाही वाचून दाखवणार नाही. पट्टी मात्र मी टाकलेली नाही. आणि अजून एक राहिलं. बसवजयंतीला देवळापुढं मी वाजवत होते, तुम्ही पहिल्या रांगेत होता आणि शेजारच्याला मोठ्यानं सांगत होता, "हे वाजायलंय न्हवं, ती कॉइल मी भरल्याली हाय." तुमची कॉइल नव्हती वाजत, अप्पा. मी बटण दुसऱ्या पिकअपवर ठेवलं होतं.