आपलं म्हणजे त्याचं

३ जानेवारी
स्कॉलरशिप जमा झाली! मेसेज आला धनराजच्या, माझ्या बॉयफ्रेंडच्या, मोबाईलवर. खातं माझं — मेसेज त्याले! नंबर त्यानंच जोडला. "तू भोळी हायेस, कोणीबी फसवीन." कार्ड बी त्याच्याच पाकिटात. दुसऱ्या कोणी मले फसवू नये म्हणून बिचारा एकटाच मेहनत घेऊन राह्यला.

नाव धनराज. धन माझं, राज त्याचं.

६ जानेवारी
पॅडसाठी पैसे मागतले. म्हणे, "मागच्याच महिन्यात तर घेतले होते!"

बाप्पा! एकोणीस वर्षाचा घोडा, बारावी सायन्स पास! मी बसस्टँडवर इतकी हासली का त्याले राग आला. मंग देल्लेच नाही. घरी येऊन आईची जुनी सुती साडी फाडली. तवा मात्र हासू नाही आलं.

११ जानेवारी
आज धनराजचं व्याकरण ध्यानात आलं. माझी स्कॉलरशिप — 'आपली'. त्याची गाडी — 'माझी'. आईले दवाखान्यात न्यायचं होतं तवा, "माझी गाडी त्या रस्त्यानं नाई आणत." आणि आज नवा सायलेन्सर बसवला तर म्हणे, "आपल्या गाडीले मस्त शोभते!" तवापासून फटफट फटफट चालू हाये. माझी स्कॉलरशिप सारं अनसिंग गाव ऐकून राह्यलं.

वैष्णवी, माझ्या बाजूले बसते ते, म्हणे, "काहून सहन करून राह्यली वं?" मी म्हटलं, प्रेम हाये. तिनं असं पाह्यलं जशी मले कावीळच झाली.

१२ जानेवारी
आईनं बाबाले चष्म्यासाठी पैसे मागतले. सरकारचे पैसे येतात तिच्याच खात्यात, कार्ड बाबाच्या खिशात. बाबा म्हणे, "आताच तर डोळे दाखवले! आणि पैसे आपलेच हायेत ना, कुठं पळून चालले?" आई भाकरी थापायले बसली. आमच्या घरी हे रोजचंच. त्याच्यात काय लिहायचं!

१७ जानेवारी
नर्सिंगच्या सीईटीचा फॉर्म भरा लागते. महिनाअखेर शेवटची तारीख. धनराज म्हणे, "कायले घाई? आपण पुढच्या साली पाहू." आपण! पेपर काय दोघं मिळून सोडवणार हावो?

मी म्हटलं, कार्ड दे. आधी म्हणे, "विश्वास नाई का?" मंग म्हणे, "लय बोलली तर तुह्या बाबाले सांगीन आपलं सारं."

बाबाले समजलं का कॉलेज बंद. मंग कायची नर्स अन् कायचं काय.

२२ जानेवारी, गुरुवार
कॉलेजात पोरींच्या बाथरूममध्ये पोस्टर हाये. 'तुमच्या पैशांवर दुसऱ्याचा ताबा आहे का? बोला.' दर गुरुवारी एक मॅडम येतात. पोस्टरवरची पोरगी इतकी साफसुथरी रडते का वाशीमची तर नाहीच. महिनाभर तिच्यावर हासली. आज गेली.

मॅडमनं विचारलं, कार्ड कोणाकडे? कशाले पाह्यजे ते सांगावं लागते का? मागतानी भेव वाटते का? मी सगळ्याचे जोक केले. सायलेन्सरचा बी केला. मॅडम हासल्याच नाही. म्हणे, "याला छळ म्हणतात, बाळा. आर्थिक छळ."

छळ! एवढा भारी शब्द, त्या फटफटीवाल्यासाठी! मी हासायले गेली आणि रडलीच. नाकातोंडातून. पोस्टरवरच्या पोरीसारखं नाही जमलं.

मॅडम म्हणे, "तो सांगायच्या आधी घरात तूच सांग. विश्वासाचं कोण आहे?"

आई.

२३ जानेवारी
तुरीच्या वावरात सांगतलं. आईनं आधी पाठीत एक धपाटा घातला. मंग बांधावर बसली. शेवटी एकच विचारलं, "मॅडमनं काय काय पुसलं तुले?" सगळं सांगतलं. तिनं दोनदा सांगायले लावलं.

२७ जानेवारी
मॅडमनं सांगतल्यासारखा अर्ज लिहिला. आई बँकेत संग आली. जुनं कार्ड बंद! मोबाईल नंबर बदलला! उरले होते त्याच्यात फॉर्म भरला. भरला!!

धनराजचा मेसेज: "माझे पैसे कुठं गेले?" माझे! एका दिवसात पोराचं व्याकरण सुधारलं. मंग दुसरा: "आपलं ब्रेकअप झालं का?"

हो रे राजा. हे मात्र आपलं.

बाबाले सांगायची धमकी बी आली. आई म्हणे, "येऊ दे त्याले. मी हावो दारात."

२९ जानेवारी, गुरुवार
बाबा वावरात गेले. मी कॉलेजले निघाली तर आई ठेवणीतली साडी नेसून तयार.

"तू कुठं वं?"

"आज गुरुवार हाये ना?" चप्पल घालता घालता, माझ्याकडे न पाहता म्हणे, "त्या मॅडम पोरीचंच ऐकतेत का वं? का लग्न झालेल्या बाईचं बी?"