आरपार दिसणारी पिशवी

बाबा,

कचऱ्याचा नियम पुन्हा बदलला. आधी एक डबा, मग दोन, आता म्हणे पिशवी आरपार दिसणारी हवी. या पालिकावाल्यांच्या डोक्यात रोज नवा किडा वळवळतो! आपली काळी पिशवी कचरागाडीवाल्यानं परत केली, म्हणून मी जिन्यातच बसून सगळा कचरा नव्या पिशवीत भरला. त्यात वर्तमानपत्रात छान गुंडाळलेले चॉकलेटचे कागद निघाले. डॉक्टरांनी गोड बंद केलंय ते माझं नव्हे, तुमचं!

तुमच्या कपाटातलं उरलेलं पाकीट मी ऑफिसला घेऊन चाललेय. रागवायचं तर संध्याकाळी खुशाल रागवा. पण दुपारची गोळी चुकवू नका. मला भांडायला या घरात तुमच्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

— तुमची सून