आठ की चार

६ ऑक्टो. २००९, मंगळ.
आमगावला पोचले तर पतसंस्थेसमोर बायका उभ्या. सगळ्यांची कार्डं मशीन नाकारतंय. काल वीज पडली, त्यात किल्लीची पेटी, म्हणजे कार्डं उघडणारी गुप्त अक्षरं जपणारं यंत्र, बंद पडली. चालू केली तर आतली किल्ली साफ पुसलेली. शिल्लक प्रत्येकीच्या कार्डातच आहे. गावोगाव नेट नाही, म्हणून प्रोग्राम तसा मीच लिहिला. तेव्हा शाबासकी मिळाली होती. किल्लीशिवाय कार्ड म्हणजे नुसता प्लास्टिकचा तुकडा.
घाबरायचं कारण नव्हतं. किल्ली दोघांत वाटलेली आहे: बत्तीस अक्षरं माझ्या सीलबंद पाकिटात, बत्तीस सचिव बिसेनकाकांच्या. आपापली भरायची, एकमेकांची बघायची नाहीत. पेटी आतल्या आत जोडते.
त्यांनी भरली. मी भरली. पेटी म्हणते, चूक.

७ बुध.
परत भरली. एकेक अक्षरावर बोट ठेवून. परत चूक.
आता एकच संधी. तिसऱ्यांदा चुकलं की पेटी कायमची मिटते, नवी यायला दीड महिना. दिवाळीचे पैसे काढायला बायका येणार पुढच्या बुधवारी.
शेवंताबाई, बिड्या वळणाऱ्या, माझ्या टेबलाशी येऊन: "पैसे तं माहेच हायेत ना व? मंग कार्ड काऊन नाही मानून राहिला?"
सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे, म्हणाले. सर्व्हर बिचारा ठणठणीत आहे.

८ गुरु.
सापडलं. सापडून उपयोग काय.
दोन वर्षांपूर्वी माझी अर्धी उतरवून घेताना अंक मराठीत लिहिले. कुणी पाकीट फोडलंच तर चोराचा गोंधळ व्हावा! चोर आलाच नाही. आणि सवयीने मध्येच इंग्रजी अंकही पडलेत. तीन ठिकाणी कळत नाही की तो मराठी ४ आहे की इंग्रजी 8. माझ्या चारचं तोंड वरून मिटतं, शाळेत यासाठी छड्या खाल्ल्यात. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.
तीन जागा, म्हणजे आठ शक्यता. दोन्ही दिवस मी तिन्ही आठच धरून भरले. उरल्या सात, संधी एक.
घरी येताना ऑटोत पर्स दोनदा उघडून पाहिली, पाकीट आहे ना म्हणून. असून तरी काय!

९ शुक्र.
सचिव बि.का.ना खरं सांगितलं. वाटलं ओरडतील. ते हसले. "एवढंच का? मी माहे अर्धे तुले सांगून देतो. तू घरी कॉम्प्युटरवर सातही लावून पाह."
बरोबर आहे त्यांचं. एका कार्डाची जुनी नोंद आहे माझ्याकडे, तिच्यावर पाच मिनिटांत उत्तर निघेल. पण मग अख्खी किल्ली माझ्याकडे. अख्खी किल्ली ज्याच्याकडे, तो कुणाच्याही कार्डातून काहीही काढू शकतो आणि कुठे पावलाचा ठसाही उरत नाही. म्हणून तर दोन तुकडे केले.
म्हटलं, समितीसमोर करू. ठराव लिहू, सगळ्यांच्या सह्या घेऊ, मग नवी किल्ली टाकू.
"दिवाळीच्या टायमात समिती कोन जमवून राहिला? बोंब होईल उगीच. माहा भरोसा हाय ना तुह्यावर, कायले भेतेस?"
त्यांचा भरोसा आज आहे. ज्या दिवशी एखादीचे शंभर रुपये कमी भरतील त्या दिवशी...

१० शनि.
माय: "काऊन जेवून नाही राहिली?"
सांगितलं तिला. किल्ली, पेटी समजावत बसले नाही, एवढंच की बि.का. त्यांची अर्धी मला देतायत.
मायने आयुष्यभर बिड्या वळल्या. म्हणाली, "कारखान्यात तेंदूपान कमी भरलं का पयले आपल्या बौद्ध मोहल्ल्यातल्या बायायच्या थैल्या उकलत. बाकीच्यायच्या नाही. तू हात नोको लावू."
मी म्हटलं, माय, तुझं कार्डही त्यातच अडकलंय.
"जाऊ दे माहे."
आणि शेवंताबाईचे? तिने माझं ताट झाकून ठेवलं.

११ रवि.
फुलचूरच्या घराबाहेर पाऊल टाकलं नाही. वहीची चार पानं भरून ४ आणि 8 लिहिले, हात कसा वळतो ते बघायला. आता कुठलाही अंक आठच दिसतो.
अध्यक्षांच्या नावे अर्ज लिहिला, समिती बोलवा म्हणून. पोच घेतल्याशिवाय अर्ज सोडायचा नाही. पण अध्यक्ष आहेत बि.का.चे सख्खे साडू. भीती वाटते. स्पष्टच लिहिते, पेटी मिटायची नाही, मायच्या त्या थैलीची वाटते.

१२ सोम.
अध्यक्ष म्हणाले, अर्ज दिवाळीनंतर आणा. पोच नाही.
बसस्टँडवर असताना बि.का.चा फोन. "मेसेज टाकला तुले. माहे पुरे बत्तीस. मले टाइप नाही जमत, जावयानं करून देला."
म्हणजे आता जावयालाही माहीत! मी काही बोलायच्या आत त्यांनी ठेवून दिला.
स्क्रीनवर बंद पाकिटाचं चित्र. उघडलं नाही. पुसायला गेले तर फोन विचारतो, मेसेज वाचलेला नाही, पुसायचा का?
उघडला तर संध्याकाळपर्यंत सगळी कार्डं चालू. शेवंताबाई परवा दहाला येणार, नातीच्या फ्रॉकचं माप घेऊन ठेवलंय तिने. पुसला तर कार्डं बंदच, फक्त अख्खी किल्ली माझ्याकडे नाही, एवढंच.
पण पुसला तरी मी वाचला नव्हता, हे उद्या कोण मानणार आहे?
गोंदियाची बस लागली. बसले. फोन अजून तेच विचारतोय.